फाईल कुणाची, शिक्का कुणाचा

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या मुक्तस्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो अशा, कार्यप्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ज्यांनी तिची १७.३ सिनॅमन ही आवृत्ती उतरवून घेतली, त्यांतल्या काहींच्या संगणकावर मिंटबरोबर आणखी एक पाहुणा येऊन बसला. घुसखोरांनी संकेतस्थळ ज्यावर चालते त्या वर्डप्रेस या प्रोग्राममधून आत शिरून डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि तो बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवला होता. तिथली फाईल दिसायला मिंट, चालायलाही मिंट; पण तिच्या पोटात ‘त्सुनामी’ या नावाने ओळखला जाणारा चोरदरवाजा होता. मिंटच्या मूळ कोडमध्ये मात्र एका अक्षराचाही फेरफार झालेला नव्हता. कोड वाचणाऱ्या कितीही डोळ्यांना हा चोरदरवाजा दिसला नसता, कारण तो कोडमध्ये नव्हताच.

या घटनेतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील याहून वेगळा आहे. फाईल खरी की बनावट हे ताडून पाहता यावे म्हणून प्रकल्प तिचा चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, प्रसिद्ध करत असतात. मिंटचा ठसा होता तो त्याच संकेतस्थळावर. ज्याला दुवा बदलता आला त्याला ठसाही बदलता येणार हे उघड होते, आणि आपणच हे केले असे सांगणाऱ्या व्यक्तीने पुढे एका पत्रकाराला विचारले ते असे, की हे ठसे तपासत बसतो तरी कोण. प्रश्न उद्धट होता, पण गैरलागू नव्हता.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमधून शिरणाऱ्या मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामांची, चर्चा निघाली, की ती दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एका वाटेवर वापरकर्त्याला उपदेश केला जातो: अधिकृत स्थळावरूनच घ्या, ठसा जुळवून पाहा, अनोळखी फाईल उघडू नका. दुसऱ्या वाटेवर वापरकर्त्याला अजाण ठरवून सगळा निवाडा ब्राउझर आणि कार्यप्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांकडे सोपवला जातो. कोणती फाईल येऊ द्यायची, कोणती अडवायची आणि कोणत्या प्रोग्रामरवर विश्वास ठेवायचा हे त्यांनी ठरवावे. माझे म्हणणे असे आहे, की या दोन्ही वाटा मूळ प्रश्नाला वळसा घालून जातात. ‘ही फाईल तिच्या कर्त्यांनी केली तशीच माझ्यापर्यंत आली आहे का?’ हा तो प्रश्न. पहिली वाट त्याचे उत्तर शोधण्याचे ओझे नको त्या माणसावर टाकते. दुसरी वाट तो प्रश्नच बदलून ‘हा कर्ता आमच्या ओळखीचा आहे का?’ असा करते, आणि बदललेल्या प्रश्नाचे उत्तर मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्याला देते.

गोठ्यात धार काढताना कुणीही उभे राहून पाहावे, असे म्हणणाऱ्या गवळ्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आपण दूध गोठ्यातून आणत नाही, पिशवीतून आणतो. मुक्तस्रोताचेही तसेच आहे. कोड सर्वांसमोर असतो, परंतु आपण चालवतो ती त्या कोडपासून कुणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर तयार केलेली फाईल. ती पुढे एखाद्या सर्व्हरवर ठेवली जाते, तिथून आरशासारख्या दुसऱ्या सर्व्हरांवर जाते आणि मग आपल्याकडे येते. भेसळीला या वाटेत जागोजागी वाव आहे. मे २०१७ मध्ये व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या हँडब्रेक या प्रोग्रामच्या दोन डाउनलोड सर्व्हरांपैकी एकावर सुमारे चार दिवस मॅकसाठीची बनावट फाईल ठेवलेली होती. त्या दिवसांत ज्यांनी प्रोग्राम उतरवला त्यांना खरी फाईल मिळण्याची शक्यता निम्मी होती, असे प्रकल्पाने स्वतःच जाहीर केले. त्या फाईलमधले ‘प्रोटॉन’ हे मालवेअर साठवलेले पासवर्ड उचलून नेत असे. पॅनिक या मॅकसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या सहसंस्थापकाने हीच फाईल चालवली, आणि कंपनीच्या अनेक प्रोग्रामांचा मूळ कोड चोरीला जाऊन वर खंडणीची मागणी आली. ज्याचा उभा जन्म सॉफ्टवेअर लिहिण्यात गेला तो माणूस जिथे फसतो, तिथे तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवणाऱ्याने अधिक सावध असायला हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला पोहोचतो हे मला कळत नाही.

अधिकृत आणि अनधिकृत ही रेषाही वाटते तितकी ठळक नाही. एके काळी मुक्तस्रोत प्रकल्पांचे माहेरघर मानल्या गेलेल्या सोर्सफोर्जने २०१३ मध्ये इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींची भर घालण्याची योजना आणली. तिला कंटाळून गिम्प या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीने तिथून मुक्काम हलवला, तर २०१५ मध्ये सोर्सफोर्जने ते सोडलेले पान आपल्या ताब्यात घेऊन त्यावरच्या गिम्पला जाहिरातींचे वेष्टन चढवले. पुढच्या वर्षी मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली; पण गेलेला विश्वास पूर्वीसारखा परतला नाही.

यावर डिजिटल सहीचा, म्हणजे फाईल कुणाकडून आली हे गणिताने पटवणाऱ्या खुणेचा, उपाय सांगितला जातो. तो उपाय योग्यच आहे. फक्त सही कुणाची हे पाहायला हवे. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट चालवणाऱ्या मुक्तस्रोत प्रोग्रामच्या मॅकवरील २.९० आवृत्तीत ‘केरेंजर’ हे खंडणीखोर मालवेअर मिसळले गेले. तीन दिवस गप्प राहायचे, मग वापरकर्त्याच्या फाईली कुलूपबंद करायच्या आणि सोडवणुकीसाठी एक बिटकॉइन, त्या वेळच्या भावाने सुमारे ४०० डॉलर, मागायचे असा त्याचा क्रम होता. त्या फाईलवर अॅपलने दिलेल्या वैध प्रमाणपत्राची सही होती. मॅकमधल्या ‘गेटकीपर’ या पहारेकऱ्याने ती पाहिली आणि फाईल आत सोडली. सही ट्रान्समिशनच्या मंडळींची नव्हती, भलत्याच कुणाच्या नावची होती. परंतु पहारेकऱ्याला शिकवलेला प्रश्न ‘अॅपलकडे नोंदलेल्या कुणाची तरी सही आहे ना?’ एवढाच होता. अॅपलने प्रमाणपत्र रद्द केले, पण त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्याच प्रोग्रामच्या २.९२ आवृत्तीतून दुसरे मालवेअर पसरले. शिक्का खरा असूनही माल खोटा असू शकतो, हे इतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. माल खरा असूनही शिक्का नसू शकतो. विंडोजवर नव्या, फारशा लोकांनी न उतरवलेल्या फाईलला ‘स्मार्टस्क्रीन’ निळी पाटी दाखवून अडवते. तिचा निकष मुख्यतः प्रतिष्ठेचा असतो: या फाईलला किंवा तिच्या सहीला आजवर किती जणांनी पाहिले आहे? सहीचे प्रमाणपत्र, म्हणजे ही सही अमक्याचीच अशी ग्वाही, विकत घ्यायचे तर दरवर्षी काही हजार रुपये, आणि २०२३ पासून सही करण्याची गुप्त किल्ली हार्डवेअरच्या उपकरणात ठेवण्याची सक्ती. अॅपलकडे नोंदणीचे वर्षाला ९९ डॉलर. मोठ्या कंपनीला हा खर्च चहापाण्याइतका असतो, पण मराठी शुद्धलेखन तपासणारे एखादे छोटे साधन फावल्या वेळात लिहून फुकट वाटणाऱ्या विद्यार्थ्याला तो परवडत नाही. नोटपॅड प्लस प्लससारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या मजकूर-संपादकाच्या प्रकल्पालाही ही अडचण चुकलेली नाही. जुने प्रमाणपत्र संपल्यावर २०२५ मध्ये त्याच्या काही आवृत्त्या स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्राने सही करून द्याव्या लागल्या. अशा फाईलींवर पाटी झळकते, वापरकर्ता ‘अधिक माहिती’वर टिचकी मारून ‘तरीही चालवा’ निवडतो, आणि दहा वेळा हे केल्यावर अकराव्या वेळी, जेव्हा पाटी खरोखर बरोबर असते तेव्हाही, त्याचे बोट सवयीने तिथेच जाते. खऱ्या मालालाही सरसकट संशयित ठरवणाऱ्या इशाऱ्याने वापरकर्त्याला दुर्लक्ष करायला शिकवले, तर दोष एकट्या वापरकर्त्याचा कसा म्हणता येईल?

योगायोगाने याच नोटपॅड प्लस प्लसचे त्याच वर्षी आणखी मोठे नुकसान झाले. जून २०२५ पासून काही महिने, त्याचे संकेतस्थळ जिथे ठेवले होते त्या होस्टिंग सेवेत शिरलेल्या घुसखोरांनी मोजक्या, निवडक वापरकर्त्यांच्या अद्ययावतीकरणाच्या विनंत्या भलतीकडे वळवल्या. कोड शाबूत होता, वाट फुटली होती. आलेल्या फाईलवरची सही आणि प्रमाणपत्र प्रोग्रामने स्वतः कसून तपासण्याची सोय डिसेंबरमधल्या आवृत्तीत आली.

एक्सझेडची गोष्ट यापुढची आहे, कारण तिथे घातपात प्रकल्पाच्या आतूनच झाला. फाईली दाबून लहान करणारे हे साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात असते आणि ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी २०२१ पासून चिकाटीने मदत करत त्याचा विश्वास मिळवला. अधूनमधून काही नावे पत्रे पाठवत आणि काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या, असा तगादा लावत. त्यांतले एक नाव ‘जिगर कुमार’ होते. एखादा वैतागलेला भारतीय वापरकर्ता वाटावा असे हे नाव कुणीतरी विचारपूर्वक निवडले असणार, आणि आपल्याकडच्या तक्रारखोर पत्रांचा लौकिक पाहता ते कुणाला खटकले नाही, याचे मला वाईट वाटते आणि थोडे हसूही येते. सूत्रे हाती आल्यावर २०२४ च्या आरंभी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून, दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या एसएसएच या दारालाच भगदाड पाडणारा कोड पसरवण्यात आला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉयंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याने तो उघडकीस आणला. त्याने सुरक्षेची तपासणी हाती घेतलेली नव्हती. एसएसएचने लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढेच कुतूहल त्याला होते. लिनक्सच्या मोठ्या वितरणांच्या, म्हणजे बांधून वाटल्या जाणाऱ्या प्रकारांच्या, स्थिर आवृत्त्यांपर्यंत हा कोड पोहोचण्याआधी तो सापडला याचे श्रेय कुणा व्यवस्थेला देता येत नाही.

‘बघा, उघड्या कोडचे हे असे होते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी या प्रकरणातली एक बारीक गोष्ट नजरेआड केली. भेसळ कार्यान्वित करणारा महत्त्वाचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडभांडारात नव्हताच. तो प्रकाशनासाठी वेगळ्या बांधलेल्या गाठोड्यात होता, आणि वितरणांची मंडळी ते गाठोडेच उचलून पुढे नेत. उरलेला भाग चाचणीच्या फाईलींच्या नावाखाली दडवला होता. म्हणजे आतल्या माणसालाही, पकडले जाऊ नये म्हणून, गोठा आणि पिशवी यांच्यामधल्या अंधाराचाच आसरा घ्यावा लागला. कोड उघडा असणे पुरेसे नाही हे खरे. पण ते निरुपयोगी असते तर त्याच्यापासून लपण्याचे एवढे कष्ट कुणी घेतले नसते.

आता ब्राउझरकडे वळतो, कारण बहुतेकांसाठी ही सारी वाट तिथूनच सुरू होते. गूगलची ‘सेफ ब्राउझिंग’ ही धोकादायक स्थळांची यादी क्रोमच नव्हे तर फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात, आणि तिने आजवर असंख्य माणसांना वाचवले आहे हे मान्य करण्यात मला कसलाही संकोच वाटत नाही. माझ्या संगणकावर ती चालू आहे आणि इतरांनीही ती बंद करू नये. परंतु हीच कंपनी शोधाच्या निकालांत सर्वांत वरची जागा विकत असते. २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या आरंभापर्यंत ओबीएस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस अशा मुक्त प्रोग्रामांची नावे शोधणाऱ्यांना खऱ्या स्थळाच्या वर, पैसे देऊन लावलेल्या बनावट स्थळांच्या जाहिराती दिसत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या अशाच एका जाहिरातीचे प्रकरण पुढे आले. बनावट स्थळाच्या पत्त्यात पहिल्या अक्षराखाली एक बारीकशी खूण तेवढी जास्त होती, आणि पडद्यावर ती धुळीच्या कणासारखी दिसे. मुक्त प्रकल्पांकडे जाहिरातींना पैसा नसतो, भामट्यांकडे असतो. त्यामुळे ही लिलावाची पद्धतच भामट्याला पुढची खुर्ची देते. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना दिलेल्या सूचनेत, इंटरनेटवर शोध घेताना जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, वापरा, असेही सांगितले होते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत क्रोमने एक्स्टेंशनांसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही३’ हे नवे नियम लागू करायला घेतले, आणि जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनांतले सर्वांत भरवशाचे मानले जाणारे, स्वतः मुक्तस्रोत असलेले यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये चालेनासे झाले. गूगलने कारणे दिली त्यांत सुरक्षितता हे प्रमुख होते: ब्राउझरमधून जाणारी प्रत्येक विनंती वाचण्याची आणि अडवण्याची सत्ता एखाद्या एक्स्टेंशनला देणे धोक्याचे आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वीस लाखांहून अधिक लोकांचे आवडते मुक्तस्रोत एक्स्टेंशन २०२० मध्ये त्याच्या कर्त्याने अनोळखी खरेदीदाराला विकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर असल्याचे सांगून गूगलला ते काढून टाकावे लागले. पण या उदाहरणाकडे जरा जवळून पाहावे. गिटहब या कोड ठेवण्याच्या स्थळावर सर्वांना दिसणारा कोड आणि क्रोमच्या दुकानातून आपोआप अद्ययावत होऊन आलेले एक्स्टेंशन यांत फरक आहे, हे प्रथम चौकस वापरकर्त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी बोंब मारली. दुकान गूगलचे, वितरण गूगलचे, अद्ययावतीकरण गूगलचे; ती भेसळ घरोघर पोहोचवली ती पहारेकऱ्यानेच. यातून काढायचा धडा दुकानात आलेले एक्स्टेंशन प्रसिद्ध कोडपासूनच बनले आहे हे तपासा असा होता, आणि काढला गेला तो एक्स्टेंशनांची ताकद कमी करा असा. फायरफॉक्सने जुनी सोय ठेवली आहे. ती ठेवूनही ब्राउझर कोसळलेला नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

फायरफॉक्सचेही सगळे गोड आहे असे नाही. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत २०१६ पासून, तो बनवणाऱ्या मोझिलाची सही नसलेले एक्स्टेंशन चालत नाही. मे २०१९ च्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सहीच्या साखळीतले एक मधले प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेंशने एका रात्रीत बंद पडली. ओळख लपवून वावरण्यासाठी टॉर ब्राउझर वापरणाऱ्यांचे, पानातल्या स्क्रिप्ट अडवणारे नोस्क्रिप्टही त्यांत होते. पाळतीच्या भीतीखाली काम करणाऱ्या काही माणसांसाठी ते चिलखत आहे. कुणी हल्ला केला नव्हता. एका केंद्रावर सगळे टांगून ठेवले की त्या केंद्राची साधी विस्मृतीही हल्ल्याचे काम करते.

अँड्रॉइडवर हाच वाद आता अधिक मोठ्या प्रमाणावर येऊ घातला आहे आणि तो महाराष्ट्रातल्या वाचकांना परका नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलान म्हणून एपीके, म्हणजे अॅप बसवणारी, फाईल उघडली आणि खाते रिकामे झाले, अशा बातम्या आपण वरचेवर वाचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की सप्टेंबर २०२६ पासून आधी ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, व पुढे जगभर, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या विकासकाचेच अॅप बसवता येईल, मग ते कुठूनही आणलेले असो. प्ले स्टोअरच्या तुलनेत इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या अॅपमध्ये पन्नास पटींहून अधिक मालवेअर सापडते, असा गूगलचा दाखला आहे. लग्नपत्रिकेच्या फाईलीला हा नियम काही काळ अडवेल, हे मला मान्य आहे. परंतु ओळखपत्र भाड्याने मिळणाऱ्या देशात राहणाऱ्या आपल्याला हेही ठाऊक आहे, की सिमकार्डासाठी केवायसी आली म्हणून बनावट सिमकार्डे संपली नाहीत.

या नियमाची झळ बसते ती एफ-ड्रॉइडला. २०१० पासून चालत आलेले हे भांडार मुक्तस्रोत अॅपचा कोड घेते आणि बहुतेक अॅप त्या कोडपासून स्वतःच्या यंत्रांवर नव्याने तयार करून देते, म्हणजे गोठा ते पिशवी ही वाटच आपल्या देखरेखीखाली आणते. कर्त्याचे ओळखपत्र न मागता मालाची परीक्षा घेण्याची ही रीत आहे. नवी व्यवस्था नेमके याच्या उलट करते आणि कर्त्याचे ओळखपत्र मागून समाधान मानते. विरोध झाल्यावर, जाणकारांसाठी धोका पत्करून पुढे जाण्याची वेगळी वाट ठेवू, असे गूगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. आडवाट शिल्लक राहिली हे बरेच झाले. पण अधिक काळजीपूर्वक तयार केलेल्या मालाला आडवाटेने यावे लागते, हा उफराटा न्याय त्याने सुटत नाही.

सरकारे मध्ये पडली म्हणजे काय होऊ शकते, हे आपण व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत पाहिले. फेब्रुवारी २०२२ पासून भारतातल्या अनेक इंटरनेट सेवांवर तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या पॅरिसमधल्या ना-नफा संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ उघडेनासे झाले. जाहीर कारण महिनोन्‌महिने कुणी दिले नाही. ऑक्टोबरमध्ये संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. या काळात व्हीएलसी हा प्रोग्राम वापरण्यावर बंदी नव्हती. बंद होते ते त्याचे खरे दार. गावोगावच्या फोटो स्टुडिओंतून आणि कॉम्प्युटर क्लासेसमधून जो प्रोग्राम पहिल्या दिवशी बसवला जातो, त्याचे अधिकृत पान उघडेना म्हटल्यावर माणसे काय करणार? शोधात जे दुसरे, तिसरे स्थळ दिसेल तिथून फाईल घेणार, किंवा शेजारच्याकडून पेन ड्राइव्ह आणणार. ‘अधिकृत स्थळावरूनच डाउनलोड करा’ हा सल्ला जे देतात, त्यांच्याच व्यवस्थेने तो पाळणे अशक्य केले होते.

मग हवे काय? ब्राउझरपासूनच सुरुवात करता येईल. पानात जोडलेल्या स्क्रिप्टचा ठसा ब्राउझरने आपोआप ताडून पाहावा आणि न जुळल्यास ती चालवू नये, असे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्येच मंजूर केले आणि प्रमुख ब्राउझर ते पाळतात. हीच तपासणी डाउनलोडच्या दुव्याला मात्र लागू नाही. तिथे ठसा काढण्याची आणि चौसष्ट अक्षरांच्या दोन माळा डोळ्यांनी जुळवण्याची अपेक्षा माणसाकडून आहे. यंत्राला क्षणात जमणारे काम माणसावर टाकायचे आणि त्याने ते केले नाही म्हणून त्याला निष्काळजी म्हणायचे, हे मला मुळातच अन्यायाचे वाटते. एवढ्या सुधारणेने हँडब्रेकची भेसळ पकडली गेली असती, कारण तिथे दुव्याचे पान शाबूत होते आणि फाईलचा सर्व्हर तेवढा बिघडला होता. मिंटची पकडली गेली नसती, कारण तिथे पानच शत्रूच्या हाती गेले होते.

मिंटसारख्या प्रसंगासाठी ठसा आणि सही पानाबाहेर, कुणालाही मागे जाऊन खोडता येणार नाही अशा सार्वजनिक नोंदवहीत असायला हव्यात. संकेतस्थळ खरेच त्या पत्त्याचे आहे अशी ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी अशा नोंदवह्या आहेत, आणि २०१८ पासून क्रोम नव्या प्रमाणपत्रांची त्यात नोंद असल्याखेरीज ती मान्य करत नाही. सॉफ्टवेअरसाठी लिनक्स फाउंडेशनने २०२१ मध्ये सिगस्टोर या नावाने तशी व्यवस्था उभी केली आहे, तीही प्रमाणपत्राचे पैसे न घेता. ब्राउझर तिच्याकडे पाहून ‘या प्रकल्पाच्या आजवरच्या फाईलींवर ज्याची सही होती, त्याचीच याही फाईलवर आहे’ किंवा ‘नाही’ असे एका ओळीत सांगू शकतो. प्रतिष्ठेच्या निळ्या पाटीपेक्षा ते वाक्य कितीतरी प्रामाणिक असेल. एक्सझेडसारख्या प्रकरणात मात्र सहीही उपयोगाची नव्हती, कारण सही करणाराच फितूर होता. तिथे कामी येते ती पुनरुत्पादनक्षम बांधणी: एकाच कोडपासून दोन अनोळखी माणसांनी आपापल्या यंत्रांवर फाईल तयार केली तर ती बिटागणिक सारखी निघाली पाहिजे. बांधणीची वेळ, फाईलींचा क्रम, फोल्डरचे नाव असल्या किरकोळ गोष्टी आत उमटतात म्हणून एरवी तसे होत नाही, आणि त्या एकेक करून काढून टाकणे हे कंटाळवाणे, नाव न होणारे काम आहे. टॉर ब्राउझरने ते २०१३ मध्ये केले, डेबियन हे लिनक्सचे वितरण गेली अनेक वर्षे आपल्या हजारो पॅकेजांवर करत आहे. सर्वांसमोरच्या कोडभांडारापासून अशी बांधणी करून ती प्रकाशित गाठोड्याशी ताडण्याचा शिरस्ता असता, तर गाठोड्यातला जास्तीचा तुकडा अर्ध्या सेकंदाच्या दैवयोगाची वाट न पाहता उघडा पडण्याची शक्यता बरीच वाढली असती.

कंटाळवाण्या कामाला पगार लागतो. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून सॉव्हरिन टेक फंड काढला तो यासाठीच. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी यंत्रणेत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, म्हणजे घेण्याचे धोरण झाले. सांभाळणाऱ्यांना देण्याच्या बाबतीत मात्र झेरोधा या खाजगी कंपनीला ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर करावा लागला. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात नफ्यासाठी सॉफ्टवेअर विकणारा आणि मुक्तस्रोताची देखभाल करणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या मानल्या आहेत, ही त्यातली विचारी बाब आहे.

भारत सरकारने २०२३ मध्ये देशी वेब ब्राउझर बनवण्याची स्पर्धा घोषित केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहोच्या संघाला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक दिले. भारतीय प्रमाणन प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या आधारावर संकेतस्थळांची इतर प्रमाणपत्रे मान्य होतात ते, त्या ब्राउझरमध्ये असावे, हा स्पर्धेचा ठळक आग्रह होता. या आग्रहामागे इतिहास आहे. जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, आणि क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या पत्त्यांपुरता सीमित केला. परक्यांनी काढून घेतलेला शिक्का आपल्या ब्राउझरमध्ये पुन्हा बसवावासा वाटणे समजण्यासारखे आहे. पण शिक्का कुणाचा हा वाद एकदाचा आपल्या बाजूने सुटला, तरी पुण्यातल्या किंवा परभणीतल्या माणसाने त्या ब्राउझरमधून व्हीएलसी उतरवले तेव्हा आलेली फाईल व्हिडिओलॅननेच बनवली होती का, हे त्याला कळणार कसे? त्या एक कोटीच्या पुढच्या हप्त्यात डाउनलोडच्या खिडकीतल्या त्या एका ओळीसाठी चार अभियंत्यांचा वर्षाचा पगार बसवता येईल.